पतीच्या सहीची पट्टी

नर्सच्या खिशात कात्री असतेच. टोकाला बोथट, बँडेज कापताना रुग्णाला बोचू नये अशी. माझी कात्री मात्र काही वर्षं बँडेजइतकीच कागदावरही चालली आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. संपादकांनी ‘तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा त्यांना बहुधा जुळ्या-तिळ्यांच्या गमती हव्या असाव्यात. त्याही माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण यंदा मी एका कागदाच्या पट्टीबद्दल लिहिणार आहे, कारण तसं लिहा म्हणून एका बाईनं मला बजावलंय. माणसांची नावं बदलली आहेत आणि रुग्णालयाचं नाव देत नाही.

मी मूळची वाईची, भिक्षुकी चालणाऱ्या घरातली. नर्सिंगला गेले तेव्हा वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले ते ‘पगार किती?’ एवढंच. बारा वर्षं साताऱ्याला काढून त्र्याहत्तर साली मी सांगलीला बदलून आले. गर्भपाताचा कायदा आदल्याच वर्षी लागू झाला होता. त्याआधी गर्भ काढणारा गुन्हेगार आणि काढून घेणारीही गुन्हेगार. आता बाईच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तर बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं होतं, त्यापुढे वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. त्यामुळे आमचं निम्मं काम म्हणजे आठवडे मोजणं. खेड्यातल्या बायका तारीख सांगत नसत. ‘बेंदूर झाल्यावर चार दिसांनी’, ‘आमच्या गावची जत्रा उठली तवा’ असा हिशेब. इतर नर्सेस कपाळाला हात लावायच्या. मी भिक्षुकाची लेक, तिथ्या तोंडपाठ. बाईनं सण सांगितला की मी आठवडे सांगायची. वडिलांची विद्या मी अशा कामाला लावली, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आईला मात्र कळलं. माझ्या हातचा नैवेद्य देवाला दाखवायचं तिनं बंद केलं.

कायद्यात आणखी एक गोष्ट होती आणि तीच मुद्द्याची. संमती फक्त बाईची. ती सज्ञान असेल तर तिची स्वतःची सही किंवा अंगठा, बास. नवरा नाही, सासरा नाही, बाप नाही. सही झाली की कागद लिफाफ्यात बंद करून कपाटात कुलपाखाली ठेवायचा, रजिस्टर कुणाला दाखवायचं नाही आणि काही वर्षांनी दोन्ही नष्ट करायचं. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे.

पण कायदा इंग्रजीत होता आणि आमचे हेडक्लार्क मराठीत होते. सज्जन माणूस, कपाळाला गंध, कामाला वाघ. त्यांनी संमतीच्या कागदाचं मराठी केलं, स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइलवर गठ्ठा काढला. आणि काढता काढता चांगुलपणानं तळाला आपली एक ओळ वाढवली, ‘पतीची सही’. मला त्यात काही गैर दिसलं नाही. बाईच्या पायाचं गळू फोडायचं असलं तरी आम्ही नवऱ्याची सही घ्यायचो. हातालाच सवय होती.

तासगावकडच्या द्राक्षमळ्यात कामाला जाणारी एक बाई त्या वर्षी आली. चार पोरं होती, अंगात रक्त नव्हतं. नवरा ट्रकवर, कुठं मद्रासकडे गेलेला. मी तिला म्हटलं, पतीची सही घेऊन ये, मग बघू. माझ्याच तोंडानं म्हटलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. तीन आठवड्यांनी तिला आणली ती तापानं फणफणलेली, गावातल्या कुणीतरी गर्भ पाडायला काडी घातली होती. चौथ्या दिवशी ती गेली. नवरा त्यानंतर दोन दिवसांनी आला.

त्या आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाई आणि मी डिक्शनरी घेऊन नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पतीच्या सहीचा त्यात कुठं पत्ता नव्हता. मी गठ्ठा काढला, खिशातली कात्री काढली आणि एकेका कागदाची खालची पट्टी कापत बसले. क्लार्कसाहेब आले, ओरडले, वर तक्रार करतो म्हणाले. मी त्यांच्यापुढं पुस्तक ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि नुसतं म्हणाले, ‘पट्ट्या तरी फेकू नका, सरकारी कागद आहे.’ म्हणून त्या पट्ट्या मी टेबलाच्या खणात ठेवल्या. पाठकोऱ्या बाजूवर औषधांच्या बाटल्यांची नावं लिहायला बऱ्या पडत. पुढं नवा गठ्ठा आला की मी पहिल्यांदा कात्री चालवायची. साहेबांनी ती ओळ स्टेन्सिलमधून काही काढली नाही, आणि मीही कापायची थांबले नाही. आमचं दोघांचंही बरं चाललं होतं.

कागद कापून भागत नाही, हेही लवकरच कळलं. बाईबरोबर सासू आत यायची आणि सगळी उत्तरं तीच द्यायची. शेवटची पाळी कधी आली, हे मी सुनेला विचारावं आणि सासूनं सांगावं. एकीनं तर सुनेच्या वतीनं अंगठाही पुढं केला होता. तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीला मी आतून कडी बसवून घेतली. बाई आत, बाकी सगळं गणगोत व्हरांड्यात. कडी लावायची, बाईला बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, तुझं काय म्हणणं आहे? पुष्कळ बायकांना हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा विचारला जात असे. काही रडायच्या, काही हसायच्या. एक तर ‘माझं?’ म्हणून मागं वळून बघायला लागली. सांगलीत सगळे मला ‘कडीवाल्या सिस्टर’ म्हणायला लागले, आणि मला ते आवडायचं.

आणि अशी ही कडीवाली सिस्टर सत्त्याहत्तर साली कडी लावायचीच विसरली.

मार्चअखेरचे दिवस होते. करुणा नावाची एकोणतीस वर्षांची शिक्षिका आली. जिना चढताना मध्येच पायरीवर बसली आणि धाप लागली म्हणून नव्हे, तर पर्समध्ये परीक्षेच्या तपासायच्या पेपरांचा गठ्ठा आहे, त्याच्या ओझ्यानं बसलेय, असं हसून म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसली होती. अशा बाईला दिवस गेले की अंगातलं रक्त वाढतं आणि त्या अरुंद झडपेतून हृदयाला ते पुढं ढकलता येत नाही. पहिल्या मुलीच्या, ज्योतीच्या वेळी तिच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं आणि तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवून तिला वाचवली होती. झडप त्यानंतर आणखी बिघडली होती. बाई स्पष्ट म्हणाल्या, या खेपेला मी हमी देऊ शकत नाही, गर्भ काढून घ्या, झडपेचं ऑपरेशन नंतर पुण्याला करू. दहावा आठवडा संपत आला होता. उशीर करण्यात धोका होता.

करुणाचा नवरा मारुती फौजेत हवालदार, म्हसवडजवळच्या गावचा. फलटणला शाळेत असताना दोघांची ओळख झाली आणि साताऱ्याला रजिस्टर लग्न. तो मराठ्याचा, ही ख्रिस्ती, त्यातून पाळकांची एकुलती मुलगी. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. लग्नाला दोन्हीकडचं कुणीही आलं नव्हतं. मारुतीची आई आणि करुणाचे वडील सात वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. नातीला बघायला यायचे तेही एकमेकांच्या तारखा चुकवून.

आता तार गेली आणि तिघंही आले. मारुती रजा घेऊन, त्याची आई ज्योतीसाठी लाडवांचा डबा घेऊन आणि पाळकसाहेब छत्री आणि छोटी पिशवी घेऊन. व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला आत्याबाई, दुसऱ्या टोकाला पाळकसाहेब. सासूला तिकडं आत्याबाईच म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. मध्ये मारुती, दोन्हीकडं न बघता.

पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की पोटातला जीव देवानं घडवलेला आहे, त्याला परत पाठवायचा अधिकार आईला नाही आणि डॉक्टरला तर नाहीच. संकट आलं तर प्रार्थना करावी. ते शांतपणे बोलत आणि डोळ्यांत बघून बोलत. आत्याबाईंचं म्हणणं निराळं. त्यांनी सिद्धनाथाला नातवाचा नवस केला होता, आणि शिवाय त्यांना स्वप्न पडलं होतं की मारुतीचा वारलेला बाप दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी येतोय. ‘आवं सिस्टर,’ त्या मला म्हणाल्या, ‘ह्यो नवसाचा जीव. आन त्यो काय परका न्हाई, आमचं मालक हायती. दारात आल्याल्या माणसाला भाईर कसं काढायचं?’

गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी त्या दोघांच्या ध्यानात आलं की आपलं एकच म्हणणं आहे. बाकावरलं अंतर कमी झालं. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी-पिठल्याचं गाठोडं सोडलं आणि अर्धी भाकरी पाळकसाहेबांपुढं ठेवली. त्यांनी प्रार्थना करून ती खाल्ली. जे सात वर्षांत लेकीला जमलं नाही, नातीला जमलं नाही, ते या न जन्मलेल्या पोरानं जमवलं. मारुती त्या दोघांकडं बघून खिन्न हसायचा. त्याला मी विचारलं, तुमचं काय? तो म्हणाला, ‘मला देवाचं लय कळत न्हाई. मला ही पायजे.’

आणि मी काय करत होते? मी वाद घालत होते. भिक्षुकाच्या घरातली ना मी, शास्त्रार्थ म्हटलं की अंगात येतं. कामं उरकून मी बाकाशी जायची. आत्याबाईंना म्हणायची, घरात आईच नाही राहिली तर तुमचे मालक कुणाच्या पोटी येणार? पाळकसाहेबांना म्हणायची, आईचा जीव देवाचा नाही का? एकदा पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘सिस्टर, हिची आई हिच्याच वेळी गेली. तेव्हाही डॉक्टरांनी मला विचारलं होतं, कुणाला वाचवू? मी म्हटलं, मी सांगणार नाही, देव ठरवील. आज मी वेगळं बोललो तर त्या दिवशी मी काय केलं?’  त्यानंतर मी त्यांच्याशी वाद घातला नाही, नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. ‘पेशंट काय म्हणते?’ मी म्हटलं, तिचे वडील थोडे नरमलेत, सासूचं अजून तळ्यात-मळ्यात आहे. बाई म्हणाल्या, ‘मी पेशंटचं विचारलं. सिस्टर, तुमची कडी कुठं गेली?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडाणी बायकांना कडीआड नेऊन विचारणारी मी, ही शिकलेली आहे म्हणून हिला विचारायची गरज मला वाटली नव्हती. आणि दोन धर्मांचे दोन जाणते समोर बसलेत म्हटल्यावर प्रश्न त्यांचाच आहे, असं मीही धरून चालले होते. चार दिवस करुणा आत कॉटवर बसून पेपर तपासत होती.

मी तिला ड्रेसिंगच्या खोलीत आणलं. कडी लावली, पाणी दिलं, विचारलं.

ती लगेच बोलली. चार दिवस तयारच असल्यासारखी. ‘मी आईशिवाय वाढले, सिस्टर. बाबांनी काही कमी केलं नाही, पण मी आईशिवाय वाढले. ज्योतीला तसं वाढवायचं नाही मला. मी काढून घेणार.’

मी विचारलं, बाबा म्हणतात ते पाप...

‘पाप असेलही,’ ती म्हणाली. ‘बाबांचा आणि माझा देव एकच आहे. बाबा त्याच्याशी माझ्याबद्दल बोलतात, मी ज्योतीबद्दल बोलते. तो विचारील तेव्हा उत्तर मी देईन. ते दुसऱ्या कुणी देऊ नये.’

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. मी ऐकलं, पण मनात साठवलं नाही. मी कागद पुढं केला, माझं पेन दिलं. तिनं शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग नवऱ्याचं. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. मी लिफाफा बंद केला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

बाहेर मारुती जिन्यापाशी उभा होता. कळल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, ‘माझी सही कुठं करायची?’

मी ऐटीत सांगितलं, लागत नाही. कायद्यात बाईचीच सही. मी त्यासाठी केवढी भांडलेय वगैरे सगळं सुनावलं. त्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं.

‘लागत न्हाई, पर घ्या की,’ तो म्हणाला. ‘आवं, पुढल्या रविवारी हिला त्यांच्या देवळात जाऊन बसायचं हाय. समदी हिच्याकडं बघणार. बाप हिला काय म्हनंल? मी काय तिथं जात न्हाई. आन आमच्या आईचा सिदनाथ मला लहानपणापास्नं वळखतोय, त्यो मला काय करणार न्हाई. माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या ह्ये.’

सीमेवर उभा राहणारा उंचापुरा माणूस, हात जोडून एक सही मागत होता. इतकी वर्षं मी नवऱ्यांच्या सह्या कापत आले होते, कारण त्या बाईच्या वाटेत आडव्या यायच्या. इथं नवरा बायकोपुढं आडवा पडायला बघत होता. मी विरघळले. टेबलाचा खण उघडला, एक पट्टी काढली, ‘पतीची सही’ लिहिलेली. म्हटलं, ही कापलेली आहे, हिला कायद्यात काही किंमत नाही. तो म्हणाला, चालंल. त्यानं फौजेतल्या सवयीनं नाव, हुद्दा आणि नंबर सगळं लिहिलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी काम झालं. काही त्रास झाला नाही, करुणा संध्याकाळी उठून चहा प्यायली. मारुतीनं व्हरांड्यात ती पट्टी दोघांपुढं धरली आणि सांगितलं, मी सही केली, तिला विचारलं न्हाई. आत्याबाई पट्टीकडं बघत राहिल्या, त्यांना वाचता येत नव्हतं. ‘लय मोठा झालास,’ एवढंच म्हणाल्या आणि दुपारच्या एसटीनं गेल्या. पुढं वर्षभर त्या दर अमावास्येला सिद्धनाथाला जाऊन लेकासाठी माफी मागत होत्या, असं नंतर कळलं. पाळकसाहेबांनी चष्मा लावला, पट्टी दोनदा वाचली, घडी घालून जावयाला परत दिली. मग आत जाऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

मी दारातून ते पाहिलं आणि मनात म्हटलं, वा सिस्टर. बाईचं ऐकलं, बापाचं मन राखलं, नवऱ्याचं मन राखलं. कायदाही मोडला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःसाठी पावशेर बासुंदी घेतली होती. ही गोष्ट पुढं वीस वर्षं मी नव्या मुलींना शिकवताना सांगत असे. नर्सच्या कामात नुसता नियम पुरत नाही, माणूस बघून करावं लागतं, असं त्याचं तात्पर्य असे.

दोन वर्षांपूर्वी, मी निवृत्त होऊन वाईला परतल्यावर, एका दुपारी दारात रिक्षा थांबली. पांढरे केस, काठाची साडी, सोबत तिशीतली मुलगी. करुणा आणि ज्योती. झडपेचं ऑपरेशन पुण्याला झालं होतं आणि ते छान चाललं होतं, हे तिच्याकडं बघताच कळलं. मारुती आदल्या वर्षी गेला होता. मी चहा टाकला. तिनं पर्स उघडून टेबलावर एक पिवळी पडलेली घडी ठेवली.

‘यांच्या ट्रंकेत सापडली. डिस्चार्जच्या कागदांत,’ ती म्हणाली. ‘हे तुमच्या रुग्णालयाचं आहे ना? यांची सही घेतली होती?’

मी सगळं सांगितलं. कात्री, खण, जिना, त्याचे जोडलेले हात. सांगताना मला जुना अभिमान वाटतही होता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे हाच तो कागद. बाबांनी वाचलेला.’

मग तिनं तिच्या बाजूचं सांगितलं. घरी गेल्यावर महिन्याभरात ती वडिलांकडं गेली होती आणि समोर बसून सांगितलं होतं, निर्णय माझा होता, सही माझी होती. आईच्या वेळी तुम्ही ठरवलं नाहीत, मी ठरवलं. तिला वाटलं होतं, ते रागावतील, कदाचित बोलणं टाकतील, आणि मग कधीतरी त्यांच्यात खरं बोलणं होईल. पण पाळकसाहेब हसले. म्हणाले, नवऱ्याला वाचवायला खोटं बोलू नकोस, मी कागद डोळ्यांनी वाचलाय. पुढं ते अठरा वर्षं जगले. रोजच्या प्रार्थनेत जावयाचं नाव घेऊन त्याच्यासाठी क्षमा मागायचे. मारुतीला विचारलं की तो म्हणायचा, ‘सोड की आता.’

‘बाबांनी मला कधी क्षमा केली नाही, सिस्टर,’ ती म्हणाली. ‘करणार कशी? त्यांच्या लेखी मी काही केलंच नव्हतं. सासूबाई शेवटपर्यंत मला बिचारी म्हणाल्या. हे माझ्यासाठी सगळ्यांच्या शिव्या खाऊन गेले. सगळ्यांनी मिळून माझं काम वाटून घेतलं. मला काही ठेवलंच नाही.’

 तिला कडीआड नेऊन विचारलं होतं मी, आणि कडी काढल्यावर पाच मिनिटांत तिचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर करून दिलं होतं. ती त्या खोलीत स्पष्ट म्हणाली होती, उत्तर दुसऱ्या कुणी देऊ नये. तिची मी माफी मागितली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, पण ‘राहू द्या’ म्हणाली नाही, आणि ते मला आवडलं.

‘माझा कागद असेल ना अजून? त्या कपाटात?’ तिनं विचारलं.

नव्हता. नियमाप्रमाणे ठरलेली वर्षं झाल्यावर ते लिफाफे आणि रजिस्टर मी स्वतः गठ्ठा बांधून बॉयलरमध्ये टाकले होते, आणि एकही लिफाफा कधी कुणाला उघडू दिला नाही याचा मला केवढा अभिमान होता. खरी सही मी जाळली होती. जिला काही किंमत नाही ती ट्रंकेत जपून राहिली होती.

 ज्योतीनं ती पट्टी उचलली, बापाची सही बघितली आणि आईला विचारलं, ‘तू माझ्यासाठी केलंस?’ करुणा म्हणाली, हो.  मी चहा परत गरम केला.

निघताना करुणा दारात थांबली. ‘तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना? हे लिहा. नावं बदला, गाव बदला. ह्यांच्याबद्दल चांगलं लिहा, ते फार चांगले होते. पण सही माझी होती, एवढं बदलू नका.’

त्याप्रमाणे लिहिते. त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीला आतून कडी होती. आत ती आणि मी, तिसरं कुणी नव्हतं. करुणानं माझ्या पेनानं, आपल्या हातानं, पूर्ण नावानं सही केली, आणि त्या एका सहीवर काम झालं. खालची पट्टी मी त्याआधीच कापून टाकलेली होती.